‘इन द मूड फॉर लव’: पार्श्वसंगीत आणि जुनी गाणी यांचा मेळ कसा बसतो?

पहाटवारा

हाँगकाँगचे दिग्दर्शक वोंग कार-वाय यांचा ‘इन द मूड फॉर लव’ (२०००) हा चित्रपट फिल्म सोसायटीच्या खेळात मी पुन्हा एकदा पाहिला आणि त्यानंतर त्याच्या संगीताचा अल्बम सलग ऐकला. ऐकताना जो प्रश्न पडला तो इथल्या जाणकारांपुढे ठेवत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १९६२ चा, गाव हाँगकाँग. एकाच दिवशी शेजारशेजारच्या खोल्यांत दोन बिऱ्हाडे राहायला येतात. पुढे एका घरचा नवरा आणि दुसऱ्या घरची बायको यांचे संबंध जुळतात, आणि मागे उरलेले दोघे, म्हणजे मॅगी चुंग यांनी साकारलेली श्रीमती चान आणि टोनी लिऊंग यांनी साकारलेले श्री. चाऊ, हे सत्य पचवता पचवता एकमेकांच्या जवळ येतात. कथेचा ऐवज एवढाच. बाकी सारे काम अरुंद बोळ, जिने, पाऊस, दिव्यांचे मंद उजेड आणि संगीत यांच्याकडे सोपवलेले आहे.

हे संगीत कुठून कुठून गोळा झाले आहे ते पाहिले की थक्क व्हायला होते. सतत परत येणारी व्हायोलिनची धून जपानी संगीतकार शिगेरू उमेबायाशी यांची आहे. काही भाग अमेरिकन संगीतकार मायकेल गलासो यांनी लिहिला आहे. उपाहारगृहात अमेरिकन गायक नॅट किंग कोल स्पॅनिशमध्ये गातात. रेडिओवर शांघायच्या गायिका झोऊ श्युआन यांचे चाळीसच्या दशकातले गाणे लागते. शिवाय घरोघरच्या रेडिओंतून चिनी संगीतनाटकांचे तुकडे कानांवर पडत राहतात. कागदावर ही यादी वाचली तर गोंधळाशिवाय दुसरे काही हाती लागेल असे वाटत नाही, आणि तरीही चित्रपट पाहताना कुठेही सांधा दिसत नाही. सगळे एकाच मनःस्थितीतून उमटल्यासारखे वाटते.

आपला कान हिंदी आणि मराठी चित्रपटांवर घडलेला आहे. आपल्याकडे गाणे पात्राच्या तोंडी असते, ते पात्राचे मन बोलते, आणि दोन गाण्यांमधली जागा पार्श्वसंगीत सांभाळते. इथे एकही पात्र गात नाही. मग ही गाणी नेमके काय करतात? ती केवळ काळ उभा करण्यासाठी आहेत का? आणि मुद्दाम रचलेले पार्श्वसंगीत जे करू शकत नाही असे काही त्यांच्याकडून करून घेतले आहे का? ज्यांनी हा चित्रपट कान देऊन पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खर्ज

प्रश्न उत्तम आहे. मी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकलो आहे, त्यामुळे वाद्यसंगीताच्या बाजूने लिहितो. गाण्यांविषयी इतर सदस्य अधिक अधिकाराने लिहू शकतील.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे लागेल की जिला आपण सारे या चित्रपटाची धून म्हणतो ती या चित्रपटासाठी रचलेलीच नाही. उमेबायाशी यांनी ती जपानी दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांच्या ‘युमेजी’ (१९९१) या चित्रपटासाठी लिहिली होती. ताकेहिसा युमेजी या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जपानी चित्रकार-कवीवर तो चित्रपट बेतलेला आहे, आणि म्हणूनच त्या रचनेचे नाव आजही ‘युमेजीज थीम’ असेच आहे. म्हणजे मूळ पार्श्वसंगीत एकीकडे आणि आधीपासून असलेली गाणी दुसरीकडे, अशी सरळ विभागणी इथे करताच येत नाही. मधोमध एक तिसराच प्रकार उभा आहे: पार्श्वसंगीत म्हणूनच जन्मलेले, परंतु दुसऱ्याच्या घरून आणलेले. माझ्या मते मेळ बसण्याचे पहिले कारण इथेच सापडते. वोंग यांनी ही धून एखाद्या रेकॉर्डसारखी वापरली आहे. प्रसंगानुसार तिचा विस्तार केला नाही, वाद्ये बदलली नाहीत, दुःखाच्या जागी ती संथ आणि आनंदाच्या जागी ती जलद असा खेळ केला नाही. तेच ध्वनिमुद्रण परत परत लावले आहे. जुनी गाणी जशी दर वेळी जशीच्या तशी वाजतात, तशीच ही धूनही वाजते, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्हींचा दर्जा एकच वाटू लागतो.

आता रचनेकडे वळतो. ही धून वॉल्ट्झच्या वळणाची आहे, म्हणजे तीन मात्रांचा ठेका. खाली तंतुवाद्ये गजाने न वाजवता बोटांनी छेडलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक मात्रा कोरडी आणि तुटक ऐकू येते. त्यावर एकटे व्हायोलिन लांब, ओढलेल्या स्वरांनी चाल मांडते. खालचा ठेका घड्याळासारखा चालत राहतो आणि वरचे व्हायोलिन त्या प्रत्येक टोल्यावर उतरण्याचे टाळून थोडे रेंगाळते. जे दोघे एकमेकांकडे जाऊ पाहतात आणि दर वेळी अर्ध्या पावलावर थांबतात त्यांच्यासाठी याहून योग्य रचना कोणी मुद्दाम लिहिली असती असे मला वाटत नाही. वॉल्ट्झ हा मुळात जोडीने करायचा नाच आहे आणि या चित्रपटात कोणीही नाचत नाही. संथगतीने चित्रित केलेले चालणे, जिना उतरणे, दाराशी वळणे, एवढ्यालाच नाचाचे रूप आले आहे.

नूडल्स आणायला जाण्याचा प्रसंग आठवून पाहा. श्रीमती चान हातात डबा घेऊन जिन्यावरून टपरीकडे उतरतात. कॅमेरा त्यांच्या कमरेच्या उंचीवर आहे, डबा हातात किंचित हलतो आहे, भिंतीवर एकुलता एक दिवा आहे. परत येताना त्याच जिन्यावर श्री. चाऊ समोरून येतात आणि दोघे अंग चोरून एकमेकांना वाट देतात. या सगळ्यात सभोवतालचे आवाज मागे सरलेले असतात आणि फक्त धून उरते. पुढच्या वेळी तीच वाट, तोच डबा, तीच धून, पण अंगावरचा छाँगसाम (अंगाला घट्ट बसणारा चिनी पोशाख) वेगळा. त्या वस्त्राच्या बदलावरूनच दिवस उलटले हे आपल्याला कळते. संगीताने स्वतःहून बदल दाखवला असता तर या वस्त्राकडे आपले लक्षही गेले नसते. धून स्थिर राहिल्यामुळे डोळ्यांना फरक टिपायची सवय लागते, आणि त्या सवयीतच प्रेक्षक या दोघांच्या दिनक्रमात नकळत ओढला जातो.

गलासो यांच्या वाट्याला आलेले काम प्रमाणाने थोडे असले तरी त्याचे मोल थोडे नाही. ते स्वतः व्हायोलिनवादक होते आणि वोंग यांच्या ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ (१९९४) मध्येही त्यांची एक रचना आहे. इथे त्यांनी एक अवघड गोष्ट साधली. उमेबायाशींच्या धुनेशी स्पर्धा करण्याऐवजी तिचीच साधने घेतली: खाली छेडलेल्या तारा, वर गजाने वाजवलेले एकटे वाद्य. मात्र शेवटी, कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या भग्न मंदिरातल्या दृश्यांसाठी त्यांनी चेलोला पुढे आणले. चेलोचा आवाज व्हायोलिनपेक्षा खालच्या सप्तकातला आणि माणसाच्या बोलण्याच्या जवळचा असतो. त्यामुळे शेवटी जेव्हा गलासो यांची ही रचना येते तेव्हा ती परकी वाटत नाही, आणि तरी काहीतरी कायमचे पालटले आहे हे कानाला कळते.

माझा निष्कर्ष असा: पार्श्वसंगीत या दोघांच्या आतल्या, कोणालाही न सांगितलेल्या काळाचे आहे, आणि गाणी बाहेरच्या जगाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, उपाहारगृहाची, रेडिओची आहेत. दोघांची हद्द आखलेली असल्यामुळेच ती एकमेकांच्या पायांत येत नाहीत.

मांडवीकाठ

नॅट किंग कोल यांच्या गाण्यांविषयी थोडे लिहितो, कारण ती ऐकून बहुतेकांना वाटते की दिग्दर्शकाने केवळ आवड म्हणून ती आणून बसवली असावीत. आवड होतीच, कोल हे आपल्या आईचे लाडके गायक होते असे वोंग यांनी सांगितलेले आहे. वोंग यांचा जन्म १९५८ चा, शांघायमधला, आणि पाच वर्षांचे असताना ते हाँगकाँगला आले. म्हणजे चित्रपटातला काळ हा त्यांनी लहानपणी घरात ऐकलेला काळ आहे.

परंतु यामागे बंदराच्या शहराचा इतिहासही आहे. त्या काळच्या हाँगकाँगमधल्या नाइटक्लबांत वाजवणारे वादक मोठ्या संख्येने फिलिपिन्समधून आलेले होते. फिलिपिन्सवर तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची आणि नंतर अमेरिकेची सत्ता होती, त्यामुळे लॅटिन चाली आणि अमेरिकन जॅझ हे दोन्ही त्या वादकांच्या हाती होते. ज्या शहराच्या हॉटेलांत बोलेरो आणि चा-चा-चा रोज संध्याकाळी वाजत होते, तिथल्या उपाहारगृहात स्पॅनिश गाणे लागणे ही त्या काळाची अगदी साधी गोष्ट होती.

मी गोव्याचा आहे, म्हणून हे वाचताना मला आपल्याकडची वाट दिसते. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले गोवेकर मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या बँडांत गेले आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही नावे आता सर्वांना ठाऊक आहेत. शांघाय आणि मुंबई यांचा तर थेट धागाही आहे: टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक शांघायमध्ये वाजवत होते आणि पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजवले. आशियातली ही बंदरे एकमेकांचे संगीत वादकांच्या पायांनी मिळवत होती. ‘इन द मूड फॉर लव’मधला जो सरमिसळीचा भाग आपल्याला नवलाचा वाटतो, तो त्या शहरांत राहणाऱ्यांच्या रोजच्या ऐकण्यातला होता.

कोल यांनी स्पॅनिश गाण्यांचा पहिला अल्बम १९५८ मध्ये काढला आणि दुसरा १९५९ मध्ये. त्यांना स्पॅनिश भाषा येत नव्हती. त्यांनी शब्दांचे उच्चार पाठ करून गायले. तुम्ही ती गाणी लक्ष देऊन ऐकलीत तर शब्दांवर ते किती जपून पाऊल टाकतात हे जाणवेल. मला वाटते, या सावधपणाचाच चित्रपटाला उपयोग झाला आहे. गाणारा ते शब्द पाठ करून गातो आहे, समोर बसलेल्या दोघांना ती भाषा येत नाही, आणि तरीही गाण्याचा सूर काय म्हणतो आहे हे सर्वांना कळते.

उपाहारगृहातला तो पहिला मोठा प्रसंग घ्या. दोघे समोरासमोर बसले आहेत. श्री. चाऊ विचारतात की तुमची हँडबॅग कुठे मिळाली, बायकोसाठी तशीच घ्यायची आहे. श्रीमती चान सांगतात की ती नवऱ्याने परदेशातून आणली, इथे मिळत नाही. मग त्या विचारतात की तुमचा टाय कुठून घेतला. तो बायकोने आणून दिलेला आहे, आणि तसाच टाय श्री. चान यांच्याकडेही आहे. तशीच हँडबॅग श्री. चाऊ यांच्या बायकोकडे आहे. प्रश्न सभ्य, उत्तरे सभ्य, आवाज चढलेला नाही, आणि दोन्ही संसार त्या टेबलावर मोडून पडले आहेत. या सगळ्यावर कोल ‘आकेयोस ओहोस बेर्देस’ गात आहेत. क्यूबातली ही रचना तोपर्यंत तीस वर्षांची जुनी होती, हिरव्या डोळ्यांच्या आठवणीची. इथे गंभीर पार्श्वसंगीत घातले असते तर दिग्दर्शक आपल्याला कधी दुःखी व्हायचे हे सांगतो आहे असे वाटले असते. गाणे मात्र त्या दोघांची दखलच घेत नाही. ते उपाहारगृहातल्या सर्वांसाठी वाजत आहे. आपल्यावर आभाळ कोसळले असताना शेजारच्या टेबलावर लोक जेवत असतात, ही जाणीव गाण्यामुळे येते. पार्श्वसंगीताला हे जमले नसते, असे माझे ठाम मत आहे.

पागोळी

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण खर्ज यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पार्श्वसंगीत आतले आणि गाणी बाहेरची, ही हद्द चित्रपटाने स्वतःच एका प्रसंगात पुसून टाकली आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा सांगीतिक क्षण तोच आहे.

रेडिओ चालू आहे. निवेदक श्रोत्यांच्या फर्माइशी वाचतो आहे. जपानमध्ये कामानिमित्त गेलेल्या श्री. चान यांनी पत्नीच्या वाढदिवसासाठी एक गाणे लावायला सांगितले आहे, असे तो जाहीर करतो, आणि झोऊ श्युआन यांचे ‘हुआ यांग द नियान हुआ’ सुरू होते. भिंतीच्या अलीकडे श्रीमती चान बसल्या आहेत, पलीकडे श्री. चाऊ. कॅमेरा संथपणे एकीकडून दुसरीकडे जातो आणि परत येतो. दोघांपैकी कोणीही काही बोलत नाही.

ज्यांच्या घरी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागत असे त्यांना या प्रसंगाचे वजन वेगळे सांगायला नको. फर्माइशीचे गाणे हे एकाच वेळी सर्वांचे आणि एकाचेच असते. नाव जाहीर होते, गल्लीतल्या प्रत्येक घरात ते ऐकू जाते, शेजारीण दुसऱ्या दिवशी कौतुकाने विचारते. इथे तर शुभेच्छा पाठवणारा नवरा फसवणूक करतो आहे हे बायकोला ठाऊक आहे, आणि भिंतीपलीकडे बसलेल्या माणसालाही ठाऊक आहे, कारण त्याचीच बायको त्या फसवणुकीतली दुसरी व्यक्ती आहे. एक जाहीर लोकप्रिय गाणे, ज्याला खर्ज बाहेरचे म्हणतात, ते या दोघांच्या सर्वांत खाजगी दुखण्यावर नेमके जाऊन बसते. रचून घेतलेले पार्श्वसंगीत इथे चालले नसते. कारण पार्श्वसंगीत पात्रांना ऐकू येत नाही, आणि या प्रसंगाचा सारा ताण दोघांनाही ते गाणे ऐकू येत असण्यात आहे.

गाण्याची निवडही वरवरची नाही. हे गाणे १९४७ च्या एका चित्रपटातले आहे. चेन गेशिन यांची चाल आणि फान यानच्याओ यांचे शब्द. आरंभी ते फुललेल्या तारुण्याचे, सुंदर आयुष्याचे आणि प्रेमळ कुटुंबाचे वर्णन करते. मग अचानक त्या एकाकी बेटावर दुःखाचे धुके आणि काळजीचे ढग पसरतात, आणि गाणारी आपल्या मायदेशाला हाक मारू लागते. एकाकी बेट म्हणजे जपानी सैन्याने १९३७ मध्ये सभोवतालचा मुलूख घेतल्यानंतर १९४१ च्या डिसेंबरपर्यंत वेढलेल्या अवस्थेत उरलेला शांघायचा परदेशी वसाहतींचा भाग. म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून पाठवलेल्या गाण्याच्या पोटात घर गमावल्याचे दुःख आहे. १९४९ च्या साम्यवादी सत्तांतरानंतर चीनच्या मुख्य भूमीवर या प्रकारची गाणी अश्लील आणि पतित ठरवून बंद पाडली गेली. गायक, वादक, ध्वनिमुद्रण कंपन्या यांपैकी बरेच हाँगकाँगला आले. चित्रपटातला शेजार हा शांघायहून आलेल्या स्थलांतरितांचा आहे. १९६२ मध्ये त्यांच्या रेडिओवर झोऊ श्युआन लागणे म्हणजे परत न मिळणाऱ्या शहराचा आवाज घरात येणे होते. स्वतः झोऊ श्युआन १९५७ मध्येच वारल्या होत्या.

घरमालकीण सुएन बाईंची भूमिका करणाऱ्या रेबेका पान याही मूळच्या शांघायच्या आणि साठच्या दशकातल्या हाँगकाँगच्या नावाजलेल्या गायिका. चित्रपटात ‘बेंगावान सोलो’ ऐकू येते ते त्यांच्याच आवाजातले. गेसांग यांनी १९४० च्या सुमारास जावामधल्या सोलो नदीवर रचलेले हे इंडोनेशियन गाणे आशियाभर गायले गेले. मालकीण म्हणून ज्या बाई श्रीमती चान यांना इतक्या उशिरापर्यंत बाहेर राहू नका असे बजावतात, त्यांचाच तरुणपणीचा आवाज चित्रपटात अन्यत्र गाणे होऊन येतो, हे कळल्यापासून मी तो प्रसंग निराळ्या मनाने पाहते.

आणखी एक गोष्ट. चिनी शीर्षक झोऊ श्युआन यांच्या या गाण्यावरून घेतलेले आहे. इंग्रजी शीर्षक आले ते १९३५ च्या एका अमेरिकन गाण्यावरून, जे ब्रिटिश गायक ब्रायन फेरी यांनी १९९९ मध्ये नव्याने गायले होते आणि ते ऐकताना वोंग यांना नाव सुचले. दोन्ही नावे गाण्यांनी दिली असताना या गाण्यांना बाहेरच्या जगाचे म्हणून बाजूला ठेवता येईल असे मला वाटत नाही.

सांजवेळ

मला थोडे विरोधी मत मांडायचे आहे. ‘युमेजीज थीम’ या चित्रपटात गरजेपेक्षा अधिक वेळा येते. पहिल्या तीन-चार वेळा ती जे करते ते खर्ज यांनी अचूक सांगितले आहे, परंतु त्यानंतर दिग्दर्शक तिच्यावर विसंबून राहतो असे मला वाटते. उत्तरार्धात जिथे दोघे निरोपाची तालीम करतात आणि श्रीमती चान खऱ्याच रडू लागतात, तिथे अभिनयच इतका पुरेसा आहे की संगीताची आठवणही होत नाही. तेवढा विश्वास इतरत्रही ठेवायला हवा होता. नंतरच्या वर्षांत कुठल्याही उदास, मंद उजेडातल्या दृश्याखाली तीन मात्रांची छेडलेली तंतुवाद्ये घालण्याची जी सवय अनेकांना लागली, तिचे मूळ या चित्रपटाच्या यशात आहे.

खर्ज

पागोळी, तुमचा मुद्दा मान्य. रेडिओच्या प्रसंगात गाणे ज्या खोलीपर्यंत पोहोचते तिथे धून पोहोचत नाही. माझी विभागणी चित्रपटाच्या पूर्वार्धापुरती खरी आहे, आणि दिग्दर्शकाने ती आधी नीट पक्की केली म्हणूनच पुढे मोडल्यावर तिचा परिणाम होतो, असे आता म्हणेन. कोल यांच्या ‘किसास, किसास, किसास’लाही हेच लागू पडते. ओस्वाल्दो फारेस यांचे हे गाणे ‘कदाचित’ एवढ्या एकाच उत्तराभोवती फिरते, आणि ते उत्तरार्धात येते, जेव्हा एकत्र निघून जाण्याचा प्रश्न दोघांपुढे उभा असतो. तिथे ते उपाहारगृहातले गाणे राहत नाही. कोणीही ते लावलेले दिसत नाही, आणि तरी ते वाजते. गाण्याने पार्श्वसंगीताची जागा घेतली आहे.

सांजवेळ यांना एवढेच सांगेन की पुनरावृत्ती जाणवते हे खरे, परंतु ती वजा करून पाहा. धून चारच वेळा आली असती तर ती चार प्रसंगांची झाली असती. आत्ता ती सवयीची आहे, आणि या दोघांचे नाते सवयीवरच उभे आहे: रोज त्याच वेळी तीच टपरी, तोच जिना. नक्कल करणाऱ्यांनी ठेका उचलला आणि सवय मागेच ठेवली. त्याचा दोष मूळ चित्रपटाकडे जात नाही.

पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. अल्बम सलग ऐकताना तो चित्रपटाइतका का भिडला नाही हेही आता थोडे उलगडते आहे. अल्बममध्ये सगळे तुकडे सारख्याच ठळकपणे, समोरून ऐकू येतात. चित्रपटात मात्र संगीतनाटकाचा आवाज भिंतीपलीकडून दबलेला येतो, झोऊ श्युआन छोट्या रेडिओतून येतात, कोल उपाहारगृहाच्या हवेतून, आणि धून कुठूनच येत नाही, ती थेट कानाशी असते. अंतरांचा हा फरक अल्बममध्ये नाहीसा होतो.

एक शेवटची शंका. शेवटी श्री. चाऊ अंगकोर वाटच्या भिंतीतल्या छिद्रात आपले गुपित सांगतात तेव्हा तिथे ‘युमेजीज थीम’ का नाही? इतका वेळ सोबत केलेली धून ऐन शेवटी वगळली आहे.

पागोळी

कारण ती धून हाँगकाँगच्या त्या जिन्याची आहे आणि तिथे दोन माणसे आहेत. अंगकोरला श्री. चाऊ एकटे आहेत, साल १९६६ आहे, त्याआधी पडद्यावर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या कंबोडिया भेटीची बातमीपटातली दृश्ये येऊन गेली आहेत. म्हणजे कथा त्या दोन खोल्यांतून उचलून इतिहासात ठेवलेली आहे. जोडीच्या नाचाची चाल तिथे वाजवली असती तर प्रेक्षकाला श्रीमती चान आठवल्या असत्या, आणि दिग्दर्शकाला नेमके ते टाळायचे असावे. श्री. चाऊ तिथे श्रीमती चान यांची आठवण काढत नाहीत, ते ती आठवण पुरून टाकत आहेत. गलासो यांचा चेलो त्यासाठीच राखून ठेवला होता.

तुम्हाला हा विषय पुढे न्यायचा असेल तर वोंग यांचाच २००४ चा ‘२०४६’ हा चित्रपट याच कानाने पाहा. तिथे उमेबायाशी यांनी वोंग यांच्यासाठी प्रथमच नव्याने संगीत रचले आहे, आणि जोडीला कॉनी फ्रान्सिस आणि डीन मार्टिन हे अमेरिकन गायक, पुन्हा नॅट किंग कोल, शिवाय इटालियन संगीतकार बेलिनी यांच्या ऑपेरातली ‘कास्ता दिवा’ ही रचना आहे. साधने तीच असूनही तिथला मेळ मला इतका घट्ट वाटला नाही. मूळ संगीत भव्य झाले आहे आणि गाणी त्याच्या शेजारी सुटी पडतात. खर्ज यांना तसे वाटते का, हे वाचायला आवडेल.